करंटला परतीची वाट लागते : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या विजेबद्दल प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं, तर एवढे प्रश्न आले की सगळेच इथे घेता येणार नाहीत. जे पुन्हा पुन्हा विचारलेत ते घेतलेत आणि ज्यात जिवाचा प्रश्न आहे त्याला जास्त जागा दिलीय. आयटीआयला वायरमन ट्रेडच्या पोरांना मी बरीच वर्षं शिकवलं, पहिल्या दिवशी फळ्यावर फक्त एक गोल काढायचो आणि सांगायचो की करंट निघाला तिथे परत पोचलाच पाहिजे, परतीची वाट नसेल तर तो निघतच नाही. आजची सगळी उत्तरं त्या गोलाचीच आहेत.

प्रश्न : मी दहावीत आहे. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट सगळं पाठ आहे पण डोक्यात बसत नाही. सोप्पं करून सांगाल का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : सांगतो पोरी. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आण. टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला पाण्याचा जोर, तळमजल्यावर धो धो येतं आणि वरच्या मजल्यावर बोटाएवढी धार. तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून दर सेकंदाला किती पाणी जातंय ते अँपिअर. आणि पाईप बारीक असेल, गंजलेला असेल तर पाणी अडतं ना, ते अडवणं म्हणजे ओहम. जोराला अडथळ्यानं भागलं की प्रवाह मिळतो, झाला ओहमचा नियम. जॉर्ज ओहम हे जर्मनीत शाळेत शिकवणारे मास्तर, त्यांनी हा नियम १८२७ साली छापून प्रसिद्ध केला. आता वॅट म्हणजे जोर गुणिले प्रवाह. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, गिझर २००० वॅटचा असेल तर २००० भागिले २३०, साधारण ८.७ अँपिअर. तोच हिशोब ९ वॅटच्या एलईडी बल्बला लावला तर ०.०४ च्या आसपास येतो. म्हणून गिझरला जाड वायर आणि १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो, बल्बला नाही.

पण टाकीचं उदाहरण इथपर्यंतच घ्यायचं, पुढे ते फसवतं. पाईप कापला तर पाणी सांडत राहतं, वायर कापली तर वीज सांडत नाही, जागच्या जागी थांबते. कारण पाण्याला फक्त खाली पडायचं असतं, करंटला मात्र फेरी पूर्ण करायची असते. फेजच्या वायरीतून आला, बल्बमधून गेला, न्यूट्रलच्या वायरीतून परत. (आपली वीज एसी आहे, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे पुढे-मागे होते, त्यामुळे आला-गेला हे आपलं बोलण्यापुरतं.) स्विच म्हणजे या गोलात मुद्दाम ठेवलेली तुटकी जागा, दाबला की जोडली जाते.

आता एक गोष्ट वहीत लिहून ठेव, पुस्तकात ती कोपऱ्यात कुठेतरी असते पण सगळी विजेची सेफ्टी तिच्यावर उभी आहे. तुमच्या गल्लीच्या टोकाला जी डीपी असते, तिथल्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत पुरलेली असते. म्हणजे करंटला घरी परतायला दोन वाटा आहेत, एक न्यूट्रलची वायर आणि दुसरी आपल्या पायाखालची जमीन. शॉक का बसतो याचं उत्तर एवढंच. तू फेजला हात लावलास आणि पाय जमिनीला असले की त्या गोलातला एक तुकडा तू झालीस.

प्रश्न : वॉशिंग मशीनला ओल्या हातानं हात लावला की झिणझिण येते. चप्पल घातली की येत नाही. वायरमननं पाहून "काही नाही, नॉर्मल आहे" सांगितलं. खरंच नॉर्मल आहे का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : नाही ताई, हे नॉर्मल नाही, आणि हे वाचून होईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा. चप्पल घातल्यावर येत नाही हे तुम्ही नीट पाहिलंत, त्यातच निदान आहे. चप्पल घातली की परतीची वाट बंद होते.

झिणझिण दोन कारणांनी येते. एक, मशीनच्या आत कुठेतरी वायरीचं कव्हर घासून किंवा ओल लागून फेज पत्र्याला चिकटतोय. दुसरं, हल्लीच्या मशीनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये एक फिल्टर असतो, त्याच्यातून अगदी थोडासा करंट मुद्दामच पत्र्याकडे सोडलेला असतो, तो अर्थिंगच्या वायरीनं गुपचूप जमिनीत जावा म्हणून. दुसऱ्या कारणानं होणारी झिणझिण एकटी जीव घेत नाही. पण दोन्हीत समान काय, तर तो करंट अर्थिंगमधून जायला हवा होता आणि जात नाहीये. म्हणजे तुमच्या घरी त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा कुठेतरी तुटलंय. आज नुसतं झिणझिणतंय, उद्या आतली वायर खरोखर पत्र्याला टेकली तर अडवायला काहीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीकडे हेच झालं. जुनी बिल्डिंग, फ्रिजचं हँडल धरलं की हाताला मुंग्या. मेन बंद करून मी बोर्ड उघडला. तीन भोकांचा चकचकीत सॉकेट, वरच्या मोठ्या भोकाच्या मागे बघतो तर स्क्रू रिकामा! हिरवी वायर होती, पण तिचं तोंड कापून, काळी टेप गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात कोंबलेली. बिल्डिंग झाली त्या दिवसापासून ती तशीच असणार. जोडली, मग टेस्ट लॅम्प लावला, म्हणजे होल्डरमधला साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याला दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला तर झगझगीत पेटला, फेज आणि अर्थमध्ये लावला तर आतली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल. म्हणजे वायर जोडून सुद्धा वाट अर्धवटच होती. खाली जाऊन जिन्यामागचा अर्थिंगचा खड्डा शोधला, झाकणावर कुंड्या ठेवलेल्या, त्या हलवून झाकण उचललं तर जमिनीतून वर येणारी लोखंडी पट्टी नटापाशी गंजून पापडासारखी झालेली, बोटानं दाबली तर तुकडा हातात आला. सोळा घरांचं अर्थिंग त्या एका पट्टीवर होतं. (हा लॅम्पचा प्रयोग तुम्ही करू नका, जिवंत वायर हाताळायची असते त्यात, लायसनवाल्या माणसाकडून करून घ्या. तो आला की समोर उभं राहून दाखव म्हणायचं.)

आता जरा हिशोब बघा, हा महत्त्वाचा आहे. अर्थिंग आहे पण सुमार आहे, समजा वाटेत २० ओहमचा अडथळा आहे. मशीनचा फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, १६ अँपिअरची. तिला साडेअकरा म्हणजे काहीच नाही, ती पडणारच नाही! पत्रा जिवंत, एमसीबी निवांत. लोकांना वाटतं एमसीबी बसवली म्हणजे शॉकपासून वाचलो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसाला ती ओळखत नाही.

माणसासाठी आरसीसीबी असते. दिसायला एमसीबीसारखीच पण रुंद, तिच्यावर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ती काय करते, फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला एवढंच सतत ताडून बघते. गेला तेवढा आला तर ठीक. कमी आला तर बाकीचा कुठून तरी जमिनीत उतरतोय, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची, एवढा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत मेन तोडते. ३०च का ते पण सांगतो. १ मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, तेवढा अंगातून गेला की मुंग्या जाणवतात. १० ते १५ च्या पुढे मूठ आवळली जाते, इच्छा असून वायर सोडता येत नाही. ५० ते १०० च्या घरात काही क्षण जरी गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. आणि ओल्या अंगाच्या माणसाचा अडथळा हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर जातात. म्हणजे बाथरूममध्ये ओल्या पायांनी उभं असताना आपल्यात आणि मरणात तेवढा एक डबा असतो. महिन्यातून एकदा ते टी बटण दाबून बघा, खटकन पडली पाहिजे. नाही पडली तर बदला.

दोन कामं कुणीही सांगितली तरी करू देऊ नका. एक, तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापून दोन भोकांच्या सॉकेटमध्ये घालणं, किंवा प्लगच नाही म्हणून वायरींची तोंडं सोलून काडेपेटीच्या काड्यांनी भोकात ठोसणं. ती पिन उगाच लांब आणि जाड ठेवलेली नाहीये, प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून आहे. दुसरं तर फार वाईट, अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थच्या भोकाला न्यूट्रलशी जोडून देणं. टेस्ट लॅम्प मस्त पेटतो, गिऱ्हाईक खूष. पण कधी वाटेत न्यूट्रल सुटली तर घरातल्या बल्बमधून फेज त्या न्यूट्रलवर येतो आणि तिथून तुमच्या फ्रिजच्या, मशीनच्या पत्र्यावर. बिघाड मशीनमध्ये नाहीच आणि पत्रा २३० व्होल्टला. हे काम करणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : टेस्टर लावताना मागच्या टोपीला आपण बोट लावतो, दिवा पेटतो म्हणजे करंट आपल्यातून जातो ना? मग शॉक का नाही बसत? आणि आमच्या एका सॉकेटला दोन्ही भोकात टेस्टर पेटतोय पण मोबाईल चार्ज होत नाही, असं कसं? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : करंट तुमच्यातूनच जातो, बरोबर ओळखलंत. पण टेस्टरच्या पोटात निऑनच्या बारक्या दिव्यामागे एक मोठा रेझिस्टर असतो, साधारण दहा लाख ओहमचा. २३० भागिले दहा लाख केलं तर पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी, अंगाला कळत सुद्धा नाही. म्हणून स्वस्तातला रस्त्यावरचा टेस्टर घेऊ नका, तो रेझिस्टर नीट नसेल तर मधे दुसरं काहीच नाहीये. आणि ओल्या हातानं टेस्टर धरायचा नाही.

दोन्ही भोकात पेटतोय याचा अर्थ न्यूट्रल कुठेतरी तुटलीय. फेज येतोय, घरात कुठला तरी बल्ब किंवा टीव्ही चालू ठेवलेला आहे, त्याच्यातून पार होऊन तो तुटलेल्या न्यूट्रलच्या अलीकडे येऊन थांबलाय. परतीची वाट नाही म्हणून कशालाच वीज मिळत नाही, पण तुम्ही टेस्टर लावला की तुमच्या अंगातून छोटीशी वाट मिळते आणि दिवा पेटतो. बऱ्याच लोकांना वाटतं न्यूट्रलला हात लावला तर काही होत नाही. नीट जोडलेली असेल तोवर खरंय ते. तुटलेली न्यूट्रल म्हणजे फेजच समजा. घरातल्या एकाच सॉकेटला असेल तर स्क्रू ढिला झाला असेल. पण आख्ख्या घराला असं झालं, किंवा दिवे अचानक फार प्रखर झाले नाहीतर मिणमिणले, तर ताबडतोब मेन पाडा आणि १९१२ ला कळवा. थ्री फेजच्या लाईनवर बाहेरची न्यूट्रल सुटली तर काही घरांत व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं आणि टीव्ही, फ्रिज एका झटक्यात जातात.

प्रश्न : एसी आणि इस्त्री एकदम लावली की १६ ची एमसीबी पडते. ३२ ची टाकून घेऊ का? दुकानदार म्हणतो चालेल. (एक वाचक, पनवेल)

उत्तर : नका टाकू. एमसीबी तक्रार करतेय ती भिंतीतल्या वायरीच्या वतीनं. वायर तीच ठेवून एमसीबी दुप्पट केली तर दुप्पट करंट जाऊ द्याल, आणि वायरीत उष्णता दुप्पट नाही चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. वरचं प्लास्टिक भिंतीच्या आत, तुम्हाला न दिसता मऊ पडत जातं आणि मग एक दिवस वास येतो. एसीला बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअरची (म्हणजे तारेची जाडी ४ चौरस मिलिमीटर) वायर ओढून घ्या, तिला तिची स्वतंत्र एमसीबी. तोवर एसी चालू असताना इस्त्री करू नका. फक्त लाईट पंख्याला दीड स्क्वेअर आणि मोठ्या सॉकेटला अडीच, एवढं तरी घर बांधताना बघून घ्यावं, प्लास्टर झालं की बदलायला भिंत फोडावी लागते.

प्रश्न : विहीर घरापासून २०० मीटरवर आहे. घरच्या मीटरवरून अडीच स्क्वेअरची तांब्याची केबल टाकून १ एचपीची सिंगल फेज मोटार बसवली. घरी व्होल्टेज २३० दाखवतं पण मोटार नुसती गुणगुणते, उचलत नाही. दोनदा वाइंडिंग जळालं. मोटार खराब आहे का? (एक शेतकरी, जत)

उत्तर : दादा, मोटारीचा काही दोष दिसत नाही, केबलचा आहे, आणि दोन वाइंडिंगचे पैसे उगाच गेले म्हणून जीव हळहळतो. तुम्ही अंतर २०० मीटर धरलंत. करंटला ते ४०० आहे, २०० जायचं आणि २०० यायचं. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीचा अडथळा किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो, म्हणजे ४०० मीटरला जवळजवळ ३ ओहम झाले. मोटार चालू असताना ६ अँपिअर घेते असं धरलं तर ६ गुणिले ३, अठरा व्होल्ट वाटेतच गेले. हे चालून जातं. खरी गंमत सुरू होताना आहे, थांबलेली मोटार हलताना पाच सहा पट करंट मागते. ३० अँपिअर धरा. ३० गुणिले ३, नव्वद व्होल्ट केबलनेच खाल्ले, मोटारीला १४० च्या आसपास राहिले. तेवढ्यात ती फिरू शकत नाही, न फिरल्यामुळे करंट उतरत नाही, तशीच गुणगुणत तापत राहते आणि वार्निश जळाल्याचा वास येतो. घरी मीटरवर बघितलं तर २३० च, कारण तूट तिथे नाहीच, वाटेत आहे. एकदा विहिरीपाशी मीटर लावून मोटार चालू करायच्या क्षणी आकडा बघून घ्या, वायरमनला सोबत घ्या, म्हणजे माझ्या बोलण्यावर विसंबायला नको.

६ स्क्वेअरची केबल टाकली तर अडथळा सव्वा ओहमवर येतो, सुरू होताना तूट ३७ व्होल्टच्या आसपास, मोटार उचलेल. दुकानात कुणी तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची स्वस्तात देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणजे ती आणखी जाड घ्यावी लागेल. आणि मोटारीला सुरुवातीची ढकल देणारा कॅपॅसिटर सुद्धा एकदा तपासून घ्या, तो मेला असेल तरी मोटार अशीच गुणगुणते. जमिनीतून केबल नेताना पाईपमधून न्या, नांगराचा फाळ लागून केबल सोलली गेली आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचलं की काय होतं ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : तारेवर पक्षी बसतो त्याला काही होत नाही, आणि आमच्याकडे वादळात तुटून पडलेल्या तारेपासून पाच-सहा पावलांवर उभी असलेली म्हैस मेली, तारेला तिचा स्पर्शच झाला नव्हता. दोन्ही कसं खरं? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : म्हशीचं वाचून फार वाईट वाटलं. दरवर्षी वळवाच्या पावसात अशा बातम्या येतात आणि प्रत्येक वेळी लोक म्हणतात की तारेला तर शिवली पण नव्हती.

पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन बोटांच्या अंतरावर. दोन्ही पायांना व्होल्टेज सारखंच, फरक नाही तर करंट त्याच्यातून जाईल कशाला. तोच पक्षी मोठा असेल, पंख पसरून दोन तारांना एकदम लागला, किंवा वटवाघूळ लटकताना दुसऱ्या तारेला लागलं की मरतं, कारण आता फरक मिळाला आणि वाट पण मिळाली.

तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडते तेव्हा करंट जमिनीत शिरून चारी बाजूंना पसरतो, डीपीकडे परत जायला. तारेच्या टोकापाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त, एक पाऊल लांब गेलं की कमी, अजून एक पाऊल, अजून कमी. पाण्यात दगड टाकल्यावर वर्तुळं उठतात तशी जमिनीवर व्होल्टेजची वर्तुळं झालेली असतात, दिसत नाहीत एवढंच. आता म्हशीचे पुढचे पाय एका वर्तुळात आणि मागचे दुसऱ्यात, मधे चार-पाच फुटांचं अंतर. तेवढा व्होल्टेजचा फरक तिच्या अंगावर, आणि पुढच्या पायातून मागच्या पायात जाताना करंट बरोबर छातीतून जातो. माणसाचे पाय जवळ असतात आणि करंट एका पायातून दुसऱ्या पायात जातो, म्हणून माणूस कधी कधी वाचतो जिथे जनावर वाचत नाही.

म्हणून तार पडलेली दिसली तर जवळ जायचं नाही, जनावर तडफडत असलं तरी नाही, हे लिहिताना मला कळतंय की डोळ्यासमोर आपलं जनावर असताना हे किती अवघड आहे. आणि नकळत जवळ पोचलाच असाल, पायाला मुंग्या आल्या, तर पळू नका. लांब ढांग टाकली की दोन पायांतला फरक वाढतो. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, वितभर वितभर सरकत मागे या. मग १९१२ ला फोन, आणि सप्लाय बंद केल्याचं त्यांच्या माणसाकडून कळेपर्यंत कुणाला जाऊ देऊ नका. लाईट गेलीय म्हणजे तार मेलीय असं धरून चालायचं नाही, लाईन परत चालू करून बघितली जाते.

घरात माणूस चिकटलेला असेल तर पहिला हात मेन स्विचकडे, त्या माणसाकडे नाही. मेन सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं, खुर्चीनं वायर बाजूला ढकला. ही युक्ती घरातल्या वायरीपुरतीच, बाहेरच्या पडलेल्या तारेला लाकूड लावायला जायचं नाही. माणूस सुटल्यावर श्वास बघा, श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात आणि भरभर दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. कांदा हुंगवणं, मातीत पुरणं यात वेळ घालवू नका.

प्रश्न : पंखा हळू केला तर बिल कमी येतं का? बिलातलं युनिट म्हणजे नक्की काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. २००० वॅटचा गिझर पंधरा मिनिटं, अर्धं युनिट. ७५ वॅटचा जुना पंखा रात्रभर दहा तास, पाऊण युनिट. तोच बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा, ३० वॅटचा, दहा तासांना ०.३. पंखा हळू केल्यावर बिल कमी येतं का हे रेग्युलेटरवर आहे. जुना मोठा खटक्यांचा, हात लावला तर गरम लागणारा असेल तर फारसं नाही, वाचलेली वीज तो स्वतःच तापवून घालवतो. नवा छोटा इलेक्ट्रॉनिक असेल तर हो, वाचते.

प्रश्न : कोयनेची वीज आमच्या घरापर्यंत यायला किती वेळ लागतो? बटण दाबल्यावर लगेच कशी येते? (इयत्ता सहावी, कराड)

उत्तर : बाळा, तू विचारलंस ते भल्याभल्यांनी कधी विचारलेलं नसतं. वायरीतल्या तांब्यात इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात, स्विच दाबल्यावर ते कुठून यावे लागत नाहीत, सगळे जागच्या जागी एकदम हलायला लागतात. एसटीच्या रांगेत मागच्यानं ढकललं की पुढच्याला लगेच धक्का लागतो, मागचा माणूस चालत पुढे यावा लागत नाही, तसं. तो धक्का प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो. इलेक्ट्रॉन स्वतः मात्र फार हळू सरकतात. घरातल्या दीड स्क्वेअरच्या वायरीतून सेलसारखा एकाच दिशेचा १ अँपिअर करंट चालू ठेवला, तर इलेक्ट्रॉनला एक मीटर जायला साडेपाच तास लागतात! आणि घरातली वीज तर एसी, सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे, त्यामुळे ते पुढे सरकतच नाहीत, जागेवर थरथरतात, आणि ती थरथर सुद्धा डोक्याच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकी नसते.

अजून एक सांगतो. पोफळीला कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली येऊन टर्बाइन फिरवतं. तिथून तुझ्या घरापर्यंत वाटेत बरेच ट्रान्सफॉर्मर लागतात, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आत येणाऱ्या बाजूची वायर आणि जाणाऱ्या बाजूची वायर एकमेकींना जोडलेल्याच नसतात. दोन वेगळी वेटोळी, मधे लोखंड. एकीतल्या करंटमुळे लोखंडात चुंबकत्व पुढे-मागे होतं आणि त्या चुंबकत्वामुळे दुसरीत करंट सुरू होतो. म्हणजे पोफळीहून एकही इलेक्ट्रॉन तुझ्या घरी येत नाही, त्यांची फेरी वेगळी आणि तुझ्या घरातल्या इलेक्ट्रॉनची फेरी गल्लीतल्या डीपीपासून तुझ्या बल्बपर्यंत आणि परत, एवढीच. येतो तो फक्त पाण्याचा जोर, या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात. उद्या शाळेत जाताना डीपीकडे लांबूनच बघ, कुंपणाच्या बाहेरून, वरच्या बाजूला मोठ्या चकत्यांचे चिनी मातीचे इन्सुलेटर दिसतील तिथे ११ हजार व्होल्ट येतात, आणि दुसऱ्या बाजूला चार छोटे असतील. त्यातले तीन फेजचे आणि चौथा न्यूट्रलचा. त्या चौथ्यापासून एक पट्टी खाली जमिनीत गेलेली दिसतेय का बघ आणि मला कळव.